पलंगाच्या जागी पाणी

चिमीने लग्न केलं तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. तिची थोरली बहीण छप्पन्नची. आईवडील गेल्यापासून दोघी तेवीस वर्षं एकाच घरात राहत होत्या. दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर, आणि न्हाणीघराचं दार असं की उचलून ढकललं तरच लागायचं. चिमी ग्रंथालयात नोकरीला होती. थोरली एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. शेजारी, दूधवाला, दुकानाचे मालक, सगळे तिला ताईच म्हणायचे, कारण चिमी म्हणायची.

एका सकाळी चहा पिताना चिमी म्हणाली, "ताई, मंगळवारी मी सही करतेय."

"कशावर?"

"लग्नाच्या कागदावर."

नवरदेव भूगोलाचे मास्तर होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पहिली बायको कधीच वारलेली. नकाशांची पुस्तकं न्यायला ते ग्रंथालयात यायचे आणि परत करायला मुद्दाम उशीर करायचे. आठ महिने हे चाललं होतं, आणि एकाच किटलीतला चहा पिणाऱ्या ताईला त्याचा वाससुद्धा लागला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "मंगळवारी मला सुट्टी मिळायची नाही." मग मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली, साक्षीदार म्हणून सही केली आणि दुपारी परत कामावर येऊन बसली. मालकांनी विचारलं, "कसे आहेत मेहुणे?" ती म्हणाली, "अक्षर चांगलं आहे त्यांचं."

चिमी बसने तीन तास लागतात अशा गावी राहायला गेली. जाताना कपडे आणि पुस्तकं नेली. पलंग, टेबल, खिडकीचा पडदा तसाच राहिला. "माझी खोली असू दे हं," म्हणाली. ताईने मान हलवली.

पहिले काही महिने चिमी दर रविवारी फोन करायची.

"ये की चार दिवस राहायला."

"बघू. कामं साचलीत."

"एकटीला करमतं का गं?"

"न करमायला काय झालं? चांगली शांतता आहे."

तिसऱ्यांदा 'बघू' ऐकल्यावर चिमीने बोलवायचं सोडलं. फोनही पंधरवड्यावर गेले. ताई कामावरून आली की एक कप चहा टाकायची. एकाच कपाचं पाणी किती घ्यायचं याचा अंदाज तिला बरेच दिवस येत नव्हता, रोज थोडा चहा उरायचा आणि मोरीत जायचा. रात्रीचं जेवण ती उभ्याउभ्याच उरकायची. आणि दर पंधरा दिवसांनी चिमीच्या पलंगावरची चादर काढून धुवायची. त्या चादरीवर कोणी झोपलेलं नसायचं.

एकदा ती अशीच चादर ताणत होती. ताणताताणता थांबली. आपण कोणासाठी राबतोय, असं तिच्या मनात आलं आणि असा संताप आला की तिचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्याच दिवशी जुनं फर्निचर घेणाऱ्याला बोलावलं आणि पलंग उचलून न्यायला सांगितला. एक घाव, दोन तुकडे. तो गेल्यावर फरशीवर चार पायांच्या चार पांढऱ्या खुणा उरल्या. त्या तिने घासून पाहिल्या, गेल्या नाहीत.

त्याच सुमारास दुकानात एक जाडजूड, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ आले. चष्म्यावरच बसले होते. काडी मोडली होती आणि एका काचेला तडा गेला होता.

"लांबचं दिसतं," ते म्हणाले, "वाचायचंही दिसतं. पण माझं काम वितीवर असतं. वितीवरचा मासा मला धूसर दिसतो."

"मासे विकता?"

"हो. खायचे नव्हे, बघायचे."

मालकांनी ताईला मागच्या खोलीतून बोलावलं. वितीवरच्या कामासाठी काच करायची तर माणूस मान कशी धरतो, डोळा कुठे टेकवतो, हे बघावं लागतं. ताई म्हणाली, "मी जेवणाच्या सुट्टीत येऊन माप घेते."

त्यांचं दुकान एका अरुंद जिन्याच्या पोटात होतं. त्या गल्लीत त्यांना सगळे 'पाणीवाले' म्हणायचे. मासा मागायला आलेल्या माणसाला ते आधी विचारायचे, "तुमचं पाणी किती दिवसांचं आहे?" आणि उत्तर पटलं नाही तर मासा द्यायचे नाहीत. अशाने धंदा होतो का, असं गल्लीतले म्हणायचे. धंदा बेताचाच होता.

ताईने माप घेतलं, वहीत टिपलं. निघताना तिचं लक्ष मागच्या टाकीकडे गेलं. बाकीच्या टाक्या स्वच्छ पांढऱ्या उजेडाच्या होत्या. हिच्यातलं पाणी फिक्या चहासारखं होतं. एक काळपट ओंडका आडवा पडलेला, त्याला धरून गर्द हिरवी पानं, तळाशी वाळक्या पानांचा थर. आणि त्या सगळ्यातून तांबूस रंगाचे बोटाच्या पेराएवढे मासे थव्याने वळत होते. प्रत्येकाच्या अंगावर एक काळा त्रिकोण. एक वळला की सगळे वळायचे.

"पाणी मळलंय का हे?" तिने विचारलं.

"लाकडाचा रंग उतरलाय. ह्या माशांना असंच लागतं. आशियातल्या जंगलातले ओढे असे असतात. मासे तिथले, झाडंही तिथलीच."

ताईने शेजारच्या टाकीतल्या चपट्या, पट्टेरी माशाकडे बोट दाखवलं. "आणि हा ह्यांच्यात सोडला तर?"

"तो दुसऱ्या खंडातला. थोडे दिवस राहील बिचारा, तक्रार करणार नाही. पण त्याला ठेवायचं कशाला?"

ती उभीच राहिली. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा डबा तसाच पिशवीत होता. आठवड्याने नवा चष्मा द्यायला गेली, तेव्हा तिने विचारलं, "घरी करायची असेल अशी टाकी, तर काय काय लागतं?"

"जागा आहे?"

"आहे," ताई म्हणाली. "एका पलंगाएवढी."

तीन फुटी टाकी आणि तिचा लोखंडी स्टँड दोन हमालांनी वर चढवला. स्टँड बरोबर त्या चार खुणांच्या मधे आला. पुढचं सगळं ताईने एकटीने केलं. तिच्या हातांना काचेची सवय होती, चिमट्याचीही. आधी तळाशी चिकणमातीचा पातळ थर पसरला, त्यावर बारीक वाळू, मागे चढ आणि पुढे उतार. ती वाळू तिने न्हाणीघरात बादलीत अकरा वेळा धुतली होती. ओंडका पंधरा दिवस पाण्यात भिजत ठेवावा लागला, नाहीतर तो तरंगतो. रोज बादलीतलं पाणी बदलायचं, रोज ते पुन्हा काळसर व्हायचं.

मग झाडं. फर्नचं मूळ वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं, असं पाणीवाल्यांनी बजावलं होतं. तिने तो शिवणाच्या काळ्या दोऱ्याने ओंडक्याला बांधला. जाळीदार शेवाळ दगडांवर पसरून तेही दोऱ्याने गुंडाळलं. लांब पानांचं 'क्रिप्ट' नावाचं झाड तेवढं वाळूत लावायचं होतं. त्याची बावीस रोपं तिने लांब चिमट्याने एकेक करून लावली, गुडघ्यांवर बसून, बाहीला काखेपर्यंत वर सारून. शेवटी तळाशी एक बशी ठेवून त्या बशीवर हळूहळू पाणी ओतलं, वाळू उसळू नये म्हणून. टाकी भरायला सबंध दुपार गेली. दिवा लावला तेव्हा हिरवी पानं पाण्यात सरळ उभी राहिली होती.

तिला वाटलं, हे कोणालातरी दाखवावं. शेजारचं दार वाजवायला हात उचलला आणि परत खाली घेतला. तेवीस वर्षांत त्या बाईंशी पाण्याच्या वेळेपलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"आता मासे कधी?" तिने दुसऱ्या दिवशी पाणीवाल्यांना विचारलं.

"तीन आठवडे, कदाचित महिना. पाणी जुनं व्हायला हवं. नव्या पाण्यात डोळ्याला न दिसणारं विष साठतं. ते खाणारे जंतू आधी वाढू देत." त्यांनी तपासायचे थेंब दिले. बाटलीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हिरवं झालं तर थांबायचं, पिवळं झालं तर तयार.

रोज संध्याकाळी ती थेंब टाकायची. रोज हिरवं.

दहाव्या दिवशी क्रिप्टची पानं गळायला लागली. आधी कडा पारदर्शक झाल्या, मग सबंध पान चिकट होऊन विरघळलं. चार दिवसांत बावीसच्या बावीस रोपांचे नुसते खुंट झाले. पाण्यावर मळकट साय आली. ताई पाणीवाल्यांकडे धावत गेली.

"मेली सगळी. माझ्या हाताला काही लागत नाही."

"जागा बदलली की ते झाड असंच करतं. पानं टाकून देतं. मुळांना हात लावला नाहीत ना?"

"नाही."

"मग लावू नका. कुजलेलं तेवढं काढा आणि वाट बघा."

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, न कळवता चिमी आली.

ताईने दार उघडलं. चिमी घामाघूम होती, हातात मोठी बॅग. "अगं, कळवायचंस तरी," ताई म्हणाली. आनंद झाला की तिचा आवाज उगाच कोरडा व्हायचा, तसा झाला.

"सहजच आले."

"एवढी मोठी बॅग?"

"पुस्तकं आहेत," म्हणत चिमी सरळ आपल्या खोलीकडे गेली. दारातच थांबली. बॅग हातातच राहिली.

खिडकीखाली काचेची पेटी होती. आत चहाच्या रंगाचं पाणी, फर्न बांधलेलं एक लाकूड, शेवाळलेले दगड, खुंट, आणि बाकी काही नाही.

"माझा पलंग?"

"दिला विकून. वाळवी लागायला आली होती." वाळवी कुठेच नव्हती.

चिमी जवळ गेली, वाकून बघितलं. "मासे कुठंयत?"

"अजून नाहीत. सोडायचेत."

"मासे नाहीत. मग बघतेस काय ह्यात?"

"पाणी."

"पाण्यात कोणाला बघतेस? मला?" चिमी हसली, पण ते हसू तोंडापाशीच राहिलं.

ताई चहा टाकायला गेली. दोन कपांचा चहा मात्र अचूक झाला. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. चिमीने न्हाणीघराच्या दाराची चौकशी केली, ताईने मास्तरांच्या गुडघ्यांची. चिमी दोनदा काहीतरी बोलायला गेली आणि चहाचा घोट घेऊन गप्प बसली. राहू का, असं हिने विचारलं तर माझ्या खोलीत झोप म्हणायचं, मी खाली अंथरीन, असं ताईने मनात ठरवून ठेवलं होतं. चिमीने विचारलं नाही.

"पाचची बस असते ना अजून?" तिने विचारलं.

"असते."

"मग निघते."

ताई कोपऱ्यापर्यंत गेली. बॅग तिने क्षणभर हातात घेतली. पुस्तकांच्या मानाने ती फारच हलकी होती. पण तिने काही विचारलं नाही.

नऊ दिवसांनी चष्म्याच्या दुकानात फोन आला. मालक म्हणाले, "तुमचे मेहुणे." मास्तरांनी आजवर तिला एकदाही फोन केला नव्हता.

"चिमी बरी आहे ना?"

"एकदम छान. ताई, मी आभार मानायला फोन केला. तुम्ही नसतात तर माझं घर मोडलं असतं."

"मी काय केलं?"

"तुम्ही मोठ्या मनाच्या म्हणून असं म्हणता. चूक माझीच हो. पहिलीच्या साड्या, तिची भांडी, तिचा शिवणाचा डबा, सगळं कपाटात तसंच होतं. दहा वर्षांत मी हात लावला नव्हता. चिमीचे कपडे बिचारीचे बॅगेतच. त्या दिवशी ती म्हणाली, ह्या घरात मला जागा नाही, माझी खोली आहे तिकडे, मी तिथं जाते. येईन की नाही सांगत नाही. आणि निघाली. मी नुसता बसून राहिलो. रात्री दारात परत उभी! म्हटलं, ताईंनीच समजूत घालून पाठवलं. दुसऱ्याच दिवशी मी कपाट रिकामं केलं. काय म्हणालात तुम्ही तिला?"

ताईच्या हातात कोणाचीतरी अर्धवट घासलेली काच होती.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा केला."

"बघा! थोरल्या माणसांचं असंच असतं." मास्तर मनापासून हसले.

त्या दिवशी तिने दोन काचा बिघडवल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मालक म्हणाले, "डोकं दुखतंय का? जा घरी." ती घरी गेली नाही, जिन्याखालच्या दुकानात गेली.

"टाकी परत घ्या," ती म्हणाली. "मला ती जागा मोकळी करायचीय."

पाणीवाल्यांनी नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. स्टूल पुढे केलं. ती बसली. कोणी काही विचारलं नाही म्हणूनच बहुधा ती बोलत गेली: पलंग, चादर, बॅग, पाचची बस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानेच नंतर ये म्हणून सांगितलं.

"बहीण आता परत यायची आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. त्यांचं सगळं जुळलंय."

"मग जागा कोणासाठी मोकळी करता?"

ताईने मागच्या टाकीकडे बघितलं.

"टाकी नेतो हवी तर," ते म्हणाले. "रविवारी येतो. पण त्याआधी एकदा पाणी तपासा. तयार झालेलं पाणी ओतून देणं माझ्या जिवावर येतं."

घरी येऊन तिने थेंब टाकले. बाटली पिवळी झाली. तिला खरं वाटेना, पुन्हा टाकले. पिवळीच. मग तिने दिवा लावून वाकून बघितलं. एका खुंटाच्या पोटातून नखाएवढं तपकिरी पान वर येत होतं. शेजारच्यातून दुसरं. ते मोजताना तिला एकदम रडू आलं आणि ती काचेला कपाळ टेकवून, कोणी ऐकायला नव्हतं म्हणून मोठ्याने, बराच वेळ रडली.

पाणी पिवळं झाल्याचं तिने दुकानात जाऊन सांगितलं होतं, म्हणून रविवारी पाणीवाले आले ते रिकाम्या हाताने आले नाहीत. बारा तांबूस मासे आणि मधाच्या रंगाच्या गुरामी माशांची एक जोडी, पिशव्यांमध्ये. पिशव्या अर्धा तास टाकीत तरंगत ठेवल्या, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याशी जुळेपर्यंत. मग सोडलं. मासे आधी एका कोपऱ्यात गोळा झाले, आणि तिन्हीसांजेच्या सुमाराला थवा करून ओंडक्याखालून गेले. पाणीवाल्यांनी चहा घेतला, दिव्याचे तास सांगितले आणि गेले.

तिने फोन उचलला.

"चिमे, पलंगाला वाळवी नव्हती. मी रागाने विकला."

"माहितीय मला."

"तू राहायला आली होतीस."

"हे बोलले वाटतं."

"मला सांगायचंस गं."

"आणि तू? तू कधी काही सांगितलंस? विचारलं की काम, विचारलं की शांतता. मला वाटलं, सुटली एकदाची म्हणून खूश आहेस. आणि आले तर पलंगच नाही."

"मला करमत नाही, चिमे," ताई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही."

चिमी रडत होती हे कळत होतं. नाक पुसून ती म्हणाली, "आता सांगतेस. आता माझं इथलं कपाट लागलंय गं."

"लागू दे. लागायलाच हवं."

"ये तरी. खरंच ये."

ह्या वेळी ती 'बघू' म्हणाली नाही. पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा काढली. चार दिवस मासे उपाशी राहिले तर बिघडत नाही, असं पाणीवाल्यांनी सांगितलं होतं. मास्तरांच्या घरी भिंतभर नकाशे होते. चिमीने कपाट उघडून दाखवलं, वरचा कप्पा, मधला कप्पा, कुलपाचा खण. मास्तरांनी तिच्या माशांचा मुलूख काठीने दाखवला आणि तिथल्या पावसावर तासभर बोलले. चिमी त्यांच्या पाठीमागे उभी राहून ताईला डोळ्यांनी खुणावत होती आणि दोघी हसू दाबत होत्या. रात्री बहिणी एका खोलीत झोपल्या. पण गप्पा लवकर संपल्या, कारण चिमीला पहाटे मास्तरांच्या डब्यासाठी उठायचं होतं.

पाचव्या दिवशी ताई परतली. कुलूप काढलं, बॅग खाली ठेवली आणि चपला न काढताच आतल्या खोलीत जाऊन मासे मोजले. बारा. गुरामी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवेचा घोट घेऊन खाली गेली. क्रिप्टला आणखी दोन पानं आली होती. चार दिवसांत तिच्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

पाणी मात्र बोटभर आटलं होतं. तिने बादली भरून ठेवली, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जावं म्हणून त्याचे वेगळे थेंब टाकले, आणि पाणी टाकीत घालण्याजोगं होईपर्यंत ती जमिनीवर बसून राहिली.